स्तनाचे दुर्मीळ कर्करोग : निदान आणि उपचार

स्तनाचा कर्करोग म्हटले की गाठ डोळ्यांपुढे येते. त्याचे काही दुर्मीळ प्रकार मात्र गळू, इसब किंवा साध्या गाठीसारखे दिसतात. त्यामुळे निदानाला उशीर होतो.

दाहक कर्करोगात स्तन काही आठवड्यांतच सुजतो, लाल आणि गरम होतो. कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. कर्कपेशींनी कातडीतील लसवाहिन्या तुंबल्याने ही सूज येते. गाठ हाताला लागेलच असे नाही. गळू समजून दिलेल्या अँटिबायोटिकने आठ-दहा दिवसांत उतार न पडल्यास कातडीचा आणि आतील भागाचा तुकडा तपासावा लागतो. उपचाराचा क्रमही ठरलेला असतो : आधी केमोथेरपी, मग पूर्ण स्तन काढणे, त्यानंतर किरणोपचार. थेट शस्त्रक्रिया केल्यास रोग मागे राहण्याचा धोका असतो.

सर जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये वर्णन केलेल्या रोगात एका बाजूच्या स्तनाग्राला खाज सुटते, खपल्या धरतात, पाणी किंवा रक्त येते. इसब बहुधा भोवतालच्या काळ्या वर्तुळापासून सुरू होते. पॅजेटचा रोग मात्र स्तनाग्रापासून. मलमाने बरे न झाल्यास तेथील तुकडा तपासतात. बहुतेकदा आत आणखी कर्करोग असतो, म्हणून मॅमोग्राफीही आवश्यक ठरते.

फायलॉइड्स नावाची स्तनातील गाठ झपाट्याने वाढते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ज्या असतात त्याही सोनोग्राफीत साध्या गाठीसारख्याच दिसू शकतात. भोवतालच्या निरोगी भागासह गाठ काढणे हाच मुख्य उपचार. काखेतील गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत आणि हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत सुमारे 1 टक्का पुरुष असतात. संकोचापायी ते उशिरा दाखवतात.

तुकडा तपासणीत ईआर, पीआर (हार्मोनग्राही) आणि हर-2 (प्रथिन) या चाचण्या झाल्यावर औषधे ठरतात. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावच्या रुग्णाला पहिली तपासणी ग्रामीण रुग्णालयात, पुढची गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येते. कर्करोगाच्या उपचारांसाठी साकोली-भंडारामार्गे नागपूर गाठावे लागते. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत.

नागपूरला जाताना रिपोर्टसोबत तुकडा तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही घ्यावेत. दुर्मीळ प्रकारात दुसऱ्या तज्ज्ञाने त्या पुन्हा पाहिल्यावर निदान बदलू शकते आणि उपचारही.