डीपी, मोटर आणि पीएचडी: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

मार्कंडा परिसरातल्या बीएस्सी-बीई झालेल्या मुलांपुढे ऊर्जा क्षेत्रातल्या पीएचडीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "ती मुंबई-पुण्याची कामं. चामोर्शी तालुक्यात काय आहे?"

काय आहे ते पाहा. धान निसवायला आला आणि पावसाने ओढ दिली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. व्होल्टेज पडतं, तेवढंच पाणी उपसायला मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, जळतं. कुणाची मोटर केव्हा चालली तर सगळ्यांना पाणी मिळेल आणि डीपीही टिकेल? स्मार्ट ग्रिडच्या अभ्यासात लोड मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. त्यात रात्रीच्या पाळीला थ्री फेज आली तर वाघाच्या मुलखात बांधावर जायचं कसं, हा जिवाचा प्रश्न. २०१७ साली आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. पण पावसाळी आभाळात सौर वीज घटते. तेव्हा कुठल्या फीडरला किती द्यायची, किती साठवायची, हे मोजून सांगणारं कुणीतरी लागतं. ते इथलंच असलं तर जास्त चांगलं, असं मला ठामपणे वाटतं. शिकायला आणि पाहायला जवळपासच जागा आहेत: चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि नागपूरचं व्हीएनआयटी काही तासांवर.

हे फक्त इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम, हेही खरं नाही. बॅटरीला रसायनशास्त्र लागतं, मीटरच्या आकड्यांना संगणक आणि संख्याशास्त्र, वीजदराला अर्थशास्त्र.

"नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) नाही, मग पीएचडी नाही" असं मानून कितीतरी मुलं थांबतात. जून २०२४पासून नेटमध्ये केवळ पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरण्याचा वेगळा गट आहे. अभियांत्रिकीला गेटचा रस्ता आहेच. मात्र प्रवेश मिळाला म्हणजे फेलोशिप मिळाली असं नाही, हे आधीच विचारून घ्या.

घरच्यांची काळजी पैशाची. जेआरएफला महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या दरवर्षी ७५० फेलोशिप आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. स्वीडन किंवा नेदरलँड्समध्ये तर पीएचडी ही बहुधा पगारी नोकरीच असते आणि तिची जाहिरात नोकरीसारखीच निघते. मुलींनी एवढं लक्षात ठेवावं: यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार सहा वर्षांच्या मुदतीवर स्त्रियांना दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा. लग्न झालं म्हणून प्रबंध सोडायचं कारण नाही.

शेवटचा गैरसमज पीएचडीनंतरचा: पोस्टडॉक ही पीएचडीपुढची पदवी नव्हे. ते ठरावीक मुदतीचं, मानधनाचं संशोधनाचं काम आहे. केंद्राची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. वयाची अट ३५, राखीव प्रवर्ग आणि स्त्रियांना पाच वर्षांची सूट. तिच्यासाठी मार्गदर्शक आपणच शोधायचा आणि त्याची संमती घ्यायची. त्याला पहिली मेल लिहिताना "मला आपल्या हाताखाली काम करायची संधी द्यावी" एवढ्यावर थांबू नका. आपण काय मोजलं, त्यात काय अडलं आणि त्याच्या कुठल्या कामाशी ते जुळतं, हे चार ओळींत लिहा.