पायरी की ढाल? पिकअप गाडीच्या दाराखालचे विज्ञान

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेव्हाडा नावाचा पर्वत आहे. तेथे टाहो सरोवराच्या पश्चिमेला ‘रुबिकॉन’ नावाची एक वाट आहे. तिची लांबी सुमारे ३५ किलोमीटर. चांगल्या सडकेवर एवढे अंतर मोटार अर्ध्या-पाऊण तासात सहज कापील. रुबिकॉनवर मात्र मोटारी माणसाच्या चालीने सरकतात आणि पुष्कळदा मुक्काम करून पुढे जातात. कारण ही वाट म्हणजे ग्रॅनाइटच्या धोंड्यांची रांगच आहे. काही धोंडे तुमच्या गुडघ्याएवढे, तर काही कमरेएवढे! १९५३ साली या वाटेवरून जीपगाड्यांची पहिली सामुदायिक सफर निघाली आणि तेव्हापासून धाडसी मोटारचालकांत तिचे नाव झाले.

आता कल्पना करा, अशा वाटेवर एक पिकअप गाडी चालली आहे. पुढे बसायची केबिन, मागे सामानाचा उघडा हौदा. पुढची चाके धोंडा ओलांडून गेली, मागची अजून अलीकडेच आहेत आणि ‘धाड्’ असा आवाज होऊन गाडी मधोमध त्या धोंड्यावर बसली. दाराखालचा पत्रा चेपून वर आला. आत बसलेल्या माणसाने दार ढकलून पाहिले, तर ते उघडेना! जवळ गॅरेज नाही आणि सूर्य तर मावळतीला लागलेला. दाराखालच्या एका लांबट भागावर माणसांची सुटका अवलंबून असते ती अशी.

या भागाला आपण गाडीचा ‘उंबरठा’ म्हणू. घराच्या उंबरठ्याप्रमाणेच तो दाराच्या खाली असतो. पिकअप घेणारे लोक त्याच्या खाली दोहोंपैकी एक वस्तू बसवून घेतात. एक म्हणजे ‘साइड स्टेप’, अर्थात चढण्या-उतरण्यासाठी पायरी. दुसरी म्हणजे ‘रॉक स्लायडर’. ही जाड पोलादी नळ्यांची चौकट असते. गाडी धोंड्यावर टेकली, तर पत्र्याऐवजी ही चौकट धोंड्यावर टेकते आणि गाडी तिच्यावरून घसरत पुढे जाते. लांबून पाहिले तर दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात. मग निवड कशी करायची? दुकानदाराला विचारण्याआधी आपण भूमिती आणि पदार्थविज्ञान यांना विचारून पाहू.

भूमिती काय म्हणते?

कागदावर १५ सेंटिमीटर लांबीची आडवी रेघ काढा. तिची दोन टोके म्हणजे पुढचे आणि मागचे चाक जमिनीला टेकते त्या जागा. आपण २० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर असे प्रमाण घेतले आहे, म्हणजे खऱ्या गाडीत हे अंतर ३ मीटर झाले. आता रेघेच्या मध्यबिंदूवर सव्वादोन सेंटिमीटर उंचीवर एक खूण करा. हा झाला जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असलेला उंबरठा. खूण दोन्ही टोकांना जोडली की एक बुटका त्रिकोण मिळेल. त्याच्या पायाकडील दोन्ही कोन कोनमापकाने मोजा आणि त्यांची बेरीज करा. ती सुमारे ३३ अंश येईल. चाकांची गोलाई सोडून दिली, तर याचा अर्थ असा, की ज्या उंचवट्याचा चढ आणि उतार मिळून ३३ अंशांपेक्षा कमी आहे, त्याला उंबरठा न घासता गाडी पार होईल.

आता उंबरठ्याखाली १५ सेंटिमीटर लोंबणारी पायरी बसवा. खूण दीड सेंटिमीटरवर आली. पुन्हा कोन मोजा. बेरीज सुमारे २३ अंशच भरते! एका पायरीने तुमचे १० अंश खाल्ले. म्हणून चांगला रॉक स्लायडर उंबरठ्याला शक्य तितका लगटून बसवतात. तो खाली लोंबू लागला, तर ज्या धोंड्यापासून वाचायचे, त्यालाच आमंत्रण दिल्यासारखे होईल.

याच आकृतीवरून आणखी एक गोष्ट उमगते. दोन दारांच्या जीप रँग्लरमध्ये पुढच्या-मागच्या आसांतील अंतर सुमारे २.४६ मीटर असते. त्याच घराण्यातील ‘ग्लॅडिएटर’ या पिकअपमध्ये ते सुमारे ३.४९ मीटर आहे. दोन्हींचा उंबरठा ४५ सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर पहिलीला सुमारे ४० अंश मिळतात, दुसरीला २९ अंशच. गाडी लांब झाली की तिचे पोट धोंड्यावर लवकर टेकते. म्हणूनच २०२० सालच्या मॉडेलपासून आलेल्या या पिकअपच्या ‘रुबिकॉन’ प्रकारात कारखान्यातूनच दारांखाली पोलादी संरक्षक दांडे येतात, आणि मागच्या हौद्याच्या खालच्या कोपऱ्यांनाही तसेच दांडे बसवलेले असतात. ‘रुबिकॉन’ हे नाव कोठून आले ते तुम्हांला आता सांगायला नको.

भार कोण पेलणार?

पिकअपचे शरीर बहुधा दोन भागांचे असते. खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा असतो, त्याला ‘चासी’ म्हणतात. इंजिन, आस आणि सामान या सर्वांचा भार चासी पेलते. केबिन पातळ पत्र्याची असून ती रबरी गाद्यांवर चासीला बोल्टांनी जोडलेली असते. साइड स्टेप पुष्कळदा केबिनच्या उंबरठ्यालाच लहान पट्ट्यांनी जोडतात. एक माणूस चढण्यापुरते ते ठीक आहे. मजबूत रॉक स्लायडरचे पाय मात्र आतल्या चासीपर्यंत पोचलेले असतात.

येथे तरफेचा नियम आठवा. चासी हा टेकू समजा आणि त्यापासून २५ सेंटिमीटर बाहेर आलेली नळी हा भुजेचा शेवट. तिच्यावर ८० किलोग्रॅम वजनाचा माणूस उभा राहिला, तर जोडाला एक विशिष्ट पीळ बसतो. आता २,००० किलोग्रॅमची गाडी धोंड्यावर टेकली आणि तिचे निम्मे वजन त्या बाजूच्या नळीवर आले असे समजा. भुजा तीच, पण भार १,००० किलोग्रॅम. म्हणजे पीळ साडेबारा पट झाला! शिवाय भार हळूहळू येत नाही, एकदम येतो. स्प्रिंगच्या तराजूवर एखादे वजन नुसते टेकवून धरा आणि हात एकदम सोडा. काटा क्षणभर जवळजवळ दुप्पट आकड्यापर्यंत जाऊन मग खऱ्या आकड्यावर स्थिरावतो. धोंड्यावर आदळणाऱ्या गाडीचेही तसेच. माणसासाठी केलेली पायरी अशा वेळी वाकते आणि जाता जाता उंबरठ्याचा पत्राही चेपते.

याच कारणाने स्लायडर आणि उंबरठा यांच्यात थोडी फट ठेवतात. खडबडीत वाटेवर चासी किंचित पिळवटते, केबिन तिच्याबरोबर तेवढीच पिळवटत नाही. चासीला जोडलेला स्लायडर पत्र्याला चिकटून असेल, तर प्रत्येक दणक्याला तो पत्र्यावर ठोका देत राहील.

नळीच का, सळई का नाही?

स्लायडर पोकळ नळीचा असतो हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. भरीव सळई जास्त मजबूत नाही का? उत्तर देण्याआधी बांबूकडे पाहा. तो आतून पोकळ असूनही वादळात ताठ उभा राहतो. वाकताना पदार्थाच्या बाहेरच्या थरांवर सर्वांत जास्त ताण येतो, मधल्या भागावर जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून मधला पदार्थ काढून बाहेर लावला, तर तेवढ्याच वजनात ताठपणा वाढतो. ४५ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची नळी घ्या. तेवढ्याच लांबीची आणि तेवढ्याच वजनाची भरीव सळई केली, तर तिचा व्यास साडेबावीस मिलिमीटरच्या आत-बाहेर येईल. गणित केले तर नळी त्या सळईपेक्षा सुमारे सातपट ताठ ठरते आणि कायमची वाकण्यापूर्वी सुमारे साडेतीनपट भार सोसते.

घरी करून पाहा. वहीचा एक कागद दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखा ठेवा. त्यावर पेन्सिल ठेवली तरी तो खचतो. त्याच कागदाची घट्ट सुरळी करून डिंकाने चिकटवा आणि तिच्यावर दोऱ्याने वजने टांगा. किती वजन पेलले जाते याची नोंद ठेवा.

धातू कोणता घ्यावा? अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश आहे. त्यामुळे त्याच्या पायऱ्या हलक्या होतात आणि पोलादासारख्या गंजत नाहीत. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एकतृतीयांशच असतो आणि तो मऊ असल्यामुळे ग्रॅनाइटची टोके त्यात रुततात. पोलादावर ओरखडे पडतात, पण गाडी पुढे घसरते. त्या ओरखड्यांवर पुन्हा रंग लावला नाही, तर गंज चढतो एवढीच काळजी. शिवाय दोन बाजूंच्या पोलादी स्लायडरांचे मिळून वजन ५० किलोग्रॅमच्या घरात किंवा त्याहून अधिक भरू शकते. तेवढे सामान गाडीत कमी घ्यावे लागते आणि रोजच्या रोज ते ओझे वाहण्यासाठी थोडे इंधनही जळते.

आजीचा गुडघा

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, “मग साइड स्टेप घ्यायचीच कशाला?” थांबा. समजा, गाडीचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि ५० किलोग्रॅम वजनाच्या आजीला आत चढायचे आहे. कार्य = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची. ५० × ९.८ × ०.६ म्हणजे २९४ जूल. मध्ये ३० सेंटिमीटरवर पायरी ठेवली, तरी एकूण कार्य २९४ जूलच राहते. मग पायरीने काय साधले? एका उडीत चढताना गुडघा फार दुमडावा लागतो आणि त्या स्थितीत शरीराचे सारे वजन उचलताना मांडीच्या स्नायूंवर अतिशय ताण येतो. दोन टप्प्यांत चढताना गुडघा कमी दुमडतो आणि हा ताण बराच कमी होतो. कार्य तेवढेच, कष्ट मात्र कमी! ज्या गाडीत रोज वडीलधारी माणसे आणि लहान मुले चढतात, तेथे रुंद, खरखरीत पृष्ठभागाची पायरी हीच खरी सुरक्षितता. गोल, गुळगुळीत स्लायडरवरून पावसाळ्यात पाय सटकू शकतो. काही स्लायडरांवर नक्षीदार पत्रा बसवून ही उणीव थोडी भरून काढतात. पण तो उंबरठ्याला लगटून असल्याने त्याची पायरी उंचच राहते.

तेव्हा निवडीची कसोटी सोपी आहे. ती गाडी वर्षातून किती दिवस धोंड्यांवरून जाणार आणि किती दिवस दारात उभी राहून माणसांना चढवून घेणार? पहिले उत्तर मोठे असेल, तर चासीला जोडलेला, उंबरठ्याला लगटलेला पोलादी स्लायडर. दुसरे मोठे असेल, तर चांगली पायरी. आणि पायरी घेतलीच, तर ती धोंड्यावर टेकवायची नाही हे ध्यानात ठेवायचे. आपल्या देशात आणखी एक विचार करावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरबदल करता येत नाहीत. म्हणून असे काही बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे.

पुढच्या वेळी रस्त्यावर एखादी उंच पिकअप दिसली, तर जरा वाकून तिच्या दाराखाली पाहा. तेथे लावलेली नळी केबिनच्या पत्र्याला जोडली आहे की आत चासीपर्यंत गेली आहे? ती उंबरठ्याला लगटून आहे की खाली लोंबते आहे? एवढ्या दोन प्रश्नांवरून ती पायरी आहे की ढाल, हे तुम्ही गाडीच्या मालकालाही सांगू शकाल!