वरच्या खोलीतला कडक आवाज

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, तेव्हा 'हे आम्हाला आधीपासूनच ठाऊक होतं' असंच इथल्या जुन्या लोकांना वाटलं असेल. हजिऱ्याला तानसेनाची समाधी आहे. हद्दू खाँ-हस्सू खाँची गायकी इथेच घडली. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ चं, माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं. डिसेंबर २०२४ मध्ये तानसेन समारोहाचं शंभरावं वर्षही थाटात पार पडलं.

पण याच शहरात, आपल्याच घरांत आणखी एक संगीत चालू असतं. वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिक गिटार वाजवत बसलेली असते. खाली आजीला ऐकू येते ती फक्त तारांची टिकटिक. खरा आवाज त्या हेडफोनच्या आत असतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी तो कधी ऐकलेला नसतो. बारावी झाली की ते मूल पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातं आणि तो आवाजही त्याच्याबरोबर जातो.

हा लेख त्या आवाजाविषयी आहे. मेटल आणि पंक या दोन प्रकारांत आपल्या देशात गेल्या काही वर्षांत चांगले अल्बम आले आहेत. मुलांनी ते आई-बाबांना ऐकवावेत आणि आई-बाबांनी एकदा तरी पूर्ण ऐकावेत, म्हणून ही ओळख.

हे संगीत आलं कुठून?

मेटलचा जन्म कारखान्याच्या गावात झाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल करून सूर खाली आणला. तो जड, खोल आवाज मेटलची ओळख झाला. ज्यांच्या आजोबांनी बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये पाळ्या केल्या, त्यांना हे संगीत एवढं यंत्रासारखं का वाजतं हे वेगळं सांगायला नको.

पंकचं म्हणणं साधं होतं: गाणं करायला उस्ताद असण्याची वाट पाहू नका. न्यूयॉर्कच्या 'रमोन्स' या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून साधारण २९ मिनिटांत संपतात. दोन-तीन मिनिटांचं गाणं, मोजके कॉर्ड आणि जे म्हणायचं ते थेट.

'अंडरग्राउंड' म्हणजे काही चोरीछुपं नव्हे. सिनेमा, रेडिओ आणि मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय, स्वतःच्या पैशाने आणि मित्रांच्या मदतीने केलेलं संगीत, एवढाच त्याचा अर्थ.

कुठून ऐकायला सुरुवात करावी?

घरातल्या मोठ्यांसाठी पहिला अल्बम म्हणून 'दशावतार' सुचवावासा वाटतो. मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन' या बँडने तो २०१७ मध्ये काढला. दहा गाणी, दहा अवतार: मत्स्यापासून कल्कीपर्यंत. कोकणातली दशावतारी नाटकं ज्यांना माहीत आहेत त्यांना कथा सांगायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या काही जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल दिसतो. इथे बुद्ध आहे. बँडच्या नावातला 'डेमॉनिक' पाहून घाबरू नका. प्रत्येक गाण्यात त्या अवताराचा स्वभाव कसा उतरवला आहे ते ओळखायचा खेळ करता येतो. नृसिंहाच्या वेळी कर्कश आवाज का लागतो, हे तर कुणालाही पटेल.

या बँडचा प्रमुख साहिल मखिजा हा मुंबईच्या मेटलमधला जुना माणूस. २००० साली सुरू झालेला बँड त्याने चालवलाच, शिवाय 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रमही यूट्यूबवर केला. 'डेमनस्टीलर' या नावाने तो एकट्याचे अल्बमही काढतो. २०२३ मधला 'द प्रोपगंडा मशीन' हा त्यातला. अपप्रचाराने माणसांची डोकी कशी फिरवली जातात हा त्याचा विषय. ड्रम आणि बेस वाजवायला त्याने वेगवेगळ्या देशांतले नामांकित वादक घेतले. एका खोलीत कधीही एकत्र न बसता पूर्ण अल्बम होऊ शकतो, हे ग्वाल्हेरसारख्या शहरात राहणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ड्रमर मिळत नाही म्हणून थांबायचे दिवस गेले.

दिल्लीचा 'ब्लडीवूड' आपल्या अगदी जवळचा. यूट्यूबवर गमतीदार मेटल गाणी करता करता हा बँड २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी 'रक्षक' हा अल्बम स्वतःच प्रकाशित केला. ढोल, बासरी, हिंदी-पंजाबी ओळी आणि इंग्रजी रॅप यांचं मिश्रण त्यात आहे. विषय पाहिले तर पालकांचा अर्धा गैरसमज गळून पडेल: 'जी वीरे' हे नैराश्यात अडकलेल्याला धीर देणारं गाणं, 'एंड्युरंट' शाळेत होणाऱ्या दादागिरीवर, 'दाना-दन' लैंगिक हिंसेविरुद्ध. मार्च २०२५ मध्ये त्यांचा 'नू दिल्ली' आला. आठ गाण्यांच्या त्या अल्बममधलं 'तडका' हे गाणं चक्क जेवणाच्या प्रेमाबद्दल आहे. फोडणीवर एवढ्या जोरात कुणी गायल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण!

मुंबईच्या 'मिडहेवन'चा २०२१ मधला 'ऑफ द लोटस अँड द थंडरबोल्ट' शिवाच्या कल्पनेभोवती फिरतो. तो संथ सुरू होतो, मग चढत जातो. बंगळुरूचा 'क्रिप्टॉस' १९९८ पासून वाजतो आहे. त्यांचा 'डेसिमेटर' २०२४ मध्ये जर्मनीतल्या कंपनीने काढला. १९८० च्या दशकातलं हेवी मेटल ज्या बाबांनी हॉस्टेलमध्ये कॅसेटवर ऐकलं असेल, त्यांना यातल्या जोडगिटारी लगेच ओळखीच्या वाटतील. त्याहून कडक हवं असेल तर हैदराबादच्या 'गॉडलेस'चा २०२१ मधला 'स्टेट्स ऑफ केऑस' आहे, पण तो शेवटी ऐका.

पंककडे वळायचं तर मुंबईचा 'द रायट पेडलर्स' ऐका. छोटी गाणी, बोचरा विनोद, आणि शहरातल्या रोजच्या कटकटी. पंकच्या चुलतभावाला हार्डकोअर म्हणतात. त्यात मुंबईच्या 'स्क्राइब'ने हिंदी सिनेमाचं वेड थेट अल्बमच्या नावांत आणलं: २०१० चा 'मार्क ऑफ तेजा' आणि २०१४ चा 'हेल मोगँबो'. हे थोडे जुने आहेत, पण इंग्रजी ढंगाच्या संगीतात आपला चावटपणा कसा मिसळायचा हे त्यांच्याकडून शिकावं.

घसा बिघडेल, कान बिघडतील

आई-बाबांच्या दोन काळज्या खऱ्या आहेत, त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिली घशाची. मेटलमधला घोगरा आवाज म्हणजे नुसतं ओरडणं नसतं. आपल्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. सराव केलेला गायक श्वासाचा दाब सांभाळून त्या घड्या थरथरवतो. तिबेटी भिक्षूंच्या खर्जातल्या मंत्रपठणातही त्यांचा उपयोग होतो. मात्र हे शिकावं लागतं. घसा ताणून ओरडलं तर इजा होते, आणि दुखू लागलं की थांबायचं असतं. आवाजाची मेहनत काय असते हे ज्या शहराला दीडशे वर्षं माहीत आहे, तिथे ही गोष्ट मुलांना समजावणं अवघड नाही. घरात गाणं शिकलेल्या आत्या किंवा आजोबा असतील तर श्वास कसा घ्यायचा हे त्यांनाच विचारावं.

दुसरी काळजी कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, पण ९० डेसिबल असेल तर तीच मर्यादा ४ तासांवर येते. म्हणजे हेडफोनचा आवाज थोडा वाढवला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. हे मेटललाच नाही, लग्नातल्या डीजेलाही लागू आहे. बहुतेक मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा ठरवता येते, ती आजच ठरवा.

तिसरी गोष्ट पालकांनी पाहावी अशी. डेथ मेटलमधल्या काही बँडची मुखपृष्ठं आणि शब्द रक्तबंबाळ असतात. सगळंच लहान मुलांसाठी नाही. त्यावर बंदी घालण्यापेक्षा गाण्याचे शब्द मुलांसोबत वाचणं जास्त उपयोगी पडतं. शब्द इंटरनेटवर सहज मिळतात.

दरबार नाही, मग पोसतं कोण?

आपल्या घराण्यामागे शिंदे दरबाराचा आश्रय होता. या मुलांच्या मागे तसं कुणी नाही. अल्बम करायचा म्हणजे गिटार, मायक्रोफोन, रेकॉर्डिंग, मग आवाज एकत्र जुळवणारा जाणकार, शेवटचा हात फिरवणारा वेगळा, आणि मुखपृष्ठाचा चित्रकार. बहुतेक जण नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हे करतात.

त्यातून परत किती येतं? स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे की एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. मोठ्या गायकाला हा आकडा दिसतही नाही. नवख्या बँडच्या सात-आठ गाण्यांपैकी निम्मी या रेषेखाली राहू शकतात.

म्हणून या मंडळींना 'बँडकॅम्प'सारखी जागा जवळची वाटते. तिथे अल्बम विकत घेता येतो आणि डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कंपनीकडे जातो. शुल्क वगळता बाकी कलाकाराला मिळतं. मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात त्यांनी काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली. बँडचा टी-शर्ट घेतला तरी तो थेट त्यांच्या पुढच्या रेकॉर्डिंगला लागतो. एका पिझ्झाच्या पैशांत एक अल्बम येतो. मुलांच्या वाढदिवसाला तेवढी भेट द्यायला हरकत नाही.

वाजवायला जागा

पैशाइतकीच मोठी अडचण जागेची. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन ही रॉकची हक्काची जागा होती. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'मध्ये वाजवणं हे तिथल्या कित्येक बँडचं स्वप्न असे. परिसर शांतता क्षेत्रात येत असल्याने तिथले कार्यक्रम बंद पडले आणि बँडना वर्षानुवर्षं दुसरी जागा शोधत फिरावं लागलं. नियम चुकीचा नव्हता, शेजारी रुग्णालय आणि कॉलेज होतं. पर्यायी जागा कुणी उभी केली नाही, हे मात्र खरं.

ग्वाल्हेरात अजून उशीर झालेला नाही. आपल्या मंडळांकडे सभागृहं आहेत, ध्वनिव्यवस्था आहे, गणेशोत्सवात दहा दिवसांचा कार्यक्रम आखायची सवय आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम सगळ्यांनाच आहे, त्यामुळे दुपारी ४ ते ६ ही वेळ चांगली. इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि छोटे ॲम्प्लिफायर वापरले तर आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही. पहिल्या वर्षी दोनच मुलं येतील, एक जण मध्येच चुकेल, तिसऱ्या रांगेतल्या काकू कानावर हात ठेवतील. चालेल. अथर्वशीर्ष पाठांतर, एकांकिका आणि पाककृती स्पर्धेच्या शेजारी हा अर्धा तासही बसतो.

तरुण वाचकांनो, तुमचंही एक काम आहे. मंडळाकडे जागा मागायला जाताना अर्ज लिहा, ध्वनीची पातळी किती ठेवाल ते लिहा, आणि आधी कार्यकारिणीला एक गाणं ऐकवा. 'दशावतार'मधला कुठलाही अवतार चालेल. आणि पालकांनो, पुढच्या रविवारी वरच्या खोलीचं दार वाजवा आणि हेडफोनची पिन काढायला सांगा. एक अल्बम म्हणजे जेमतेम पाऊण तास. आवडलं नाही तर तसं स्पष्ट सांगा. काय आवडलं नाही हे सांगायला तरी तो पूर्ण ऐकावा लागेल.