खाऊच्या डब्यावर गावाचे नाव

शेगावला गाडी थांबली की प्रवासी कचोरी मागतो. लोणावळ्याची चिक्की, साताऱ्याचे कंदी पेढे यांचेही तसेच. माल साधा; खपते ते गावाचे नाव.

जपानी लोकांनी याचाच मोठा व्यापार केला आहे. प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी व कचेरीतील सोबत्यांसाठी त्या गावचा खाऊ नेण्याची तिथे रीत आहे. त्याला ‘ओमियागे’ म्हणतात. हिरोशिमाची ‘मोमिजी मांजू’ पानाच्या आकाराची, क्योटोची ‘यात्सुहाशी’ दालचिनीच्या स्वादाची. बहुधा प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असतो, म्हणजे वाटायला सोपे. डब्यावर नगांची संख्या आणि टिकण्याची तारीख असते.

आता आपले पाहा. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला मोठी गर्दी लोटते. दुसरबीड त्याच तालुक्यात. हे पाहुणे घरी काय नेतात? तीळ, गूळ, शेंगदाणे बाजारात आहेत, कारागिरांचे हातही आहेत. कचोरी ताजीच खावी लागते, चिक्की मात्र टिकते. अन्न खात्याकडे नोंदणी करून नीटनेटका डबा काढता येईल.

कापडाच्या ठाणावरील शिक्का पाहून गिऱ्हाईक विश्वास टाकते, खाऊचेही तेच. मात्र बंधूंनो, डब्यावर गावाचे नाव घातल्यावर मालात खोट निघाली, तर बदनामी एका दुकानाची नव्हे, साऱ्या गावाची होते.