सर्व्हर नवा, आउटलुक जुनं: मेल नेमका कुठे अडतो?

एपिसोड ऐकायला वेळ नाही मिळाला? हरकत नाही, मुद्दे इथे वाचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे रत्नागिरीत ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो. "कंपनीने मेलचा सर्व्हर बदलला. आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक सारखा पासवर्ड मागतंय. पासवर्ड बरोबर आहे, फोनवर मेल येतोय. मग बिघडलं काय?" मिरजोळे एमआयडीसीतलं छोटं ऑफिस असो की हापूस बाहेर पाठवणारा व्यापारी, ऐन हंगामात दोन दिवस मेल अडला तर ऑर्डरही अडते.

आधी फोनचं उदाहरण घेऊ. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ च्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं. फोन तोच, नेट तेच, पण समोरची बाजू पुढे निघून गेली. आउटलुकचंही तसंच. फोनमधलं अ‍ॅप आपोआप अपडेट होत राहतं, म्हणून तिथे मेल येतो. कॉम्प्युटरवरचं २००७ किंवा २०१० चं आउटलुक मात्र होतं तिथेच राहतं.

अडचण तीन ठिकाणी येऊ शकते.

पहिली, बोलण्याची पद्धत. जुनं आउटलुक एक्स्चेंज सर्व्हरशी 'आरपीसी ओव्हर एचटीटीपी'ने बोलायचं. २०१४ मध्ये 'मॅपी ओव्हर एचटीटीपी' ही नवी पद्धत आली. ऑफिस ३६५ मध्ये जुनी पद्धत ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाली. आउटलुक २००७ ला नवी पद्धत येतच नाही, त्यामुळे त्याचा विषय तिथेच संपला. स्वतःचा सर्व्हर असला तरी एक्स्चेंज २०१६ ला किमान आउटलुक २०१० लागतं, तेही अपडेट केलेलं. एक्स्चेंज २०१९ ला किमान २०१३.

दुसरी, कुलूप. मेल वाटेत कोणी वाचू नये म्हणून टीएलएस असतं. त्याच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या आता कालबाह्य आहेत, नवे सर्व्हर १.२ मागतात. विंडोज ७ मध्ये १.२ आहे, पण आउटलुकसाठी ते आपोआप चालू नसतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट आणि रजिस्ट्रीत एक नोंद लागते.

तिसरी, ओळख. नुसता पासवर्ड पाठवायची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने क्लाउडवर १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली. आउटलुक २०१० ला नवं लॉगिन जमत नाही. २०१३ ला रजिस्ट्रीत बदल करून जमतं, २०१६ ला सरळ जमतं. पासवर्ड बरोबर असूनही खिडकी पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. कनेक्शनच होत नसेल, तर वरचे दोन मुद्दे तपासा.

मग करायचं काय? घाईने आउटलुक काढून टाकू नका. आधी फाइल बघा. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, ती पुन्हा उतरवता येते. पीएसटीमधला मेल मात्र बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो. तिची कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर काढा, मगच पुढे जा. तोवर ब्राउझरमधून किंवा फोनवरून काम चालू ठेवा.

सर्व्हरवाल्याला "आमच्यासाठी जुनं टीएलएस चालू करून द्या" असं सांगायचा मोह होईल. तो आवरा. एका जुन्या कॉम्प्युटरसाठी सगळ्या ऑफिसचं कुलूप कमकुवत होतं. शिवाय विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यामुळे ही मलमपट्टी फार टिकणारी नाही.

आणि सर्व्हर अजून बदलायचा असेल, तर क्रम लक्षात ठेवा: आधी सगळ्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्त्यांची यादी, मग क्लायंट अपग्रेड, सर्व्हर शेवटी. आणि हे सगळं आंब्याच्या हंगामात नको, पावसाळ्यात करा!

तुमच्या ऑफिसात कुठलं आउटलुक आहे ते आजच बघून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.