दाबावरून इंजिनाच्या दट्ट्यावरील बलाचे गणन : ऑइल इंजिनाचे एक उदाहरण

प्रास्ताविक : चाळीसगाव परिसरातील विहिरींवर मोटेची जागा प्रथम ऑइल इंजिनाने व पुढे विजेच्या मोटारीने घेतली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या पुण्याच्या कंपनीचे एव्ही-१ हे ५ अश्वशक्तीचे इंजिन शेतकऱ्यास जसे परिचित, तसेच अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेसही. म्हणून प्रस्तुत विवेचनासाठी तेच घेतले आहे. सिलिंडरचा व्यास ८० मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी., वेग मिनिटास १५०० फेरे व कार्यचक्र चार स्ट्रोकचे.

गणन : बल = दाब × क्षेत्रफळ. येथे क्षेत्रफळ ०.७८५४ × ८० × ८० = ५०२७ चौ. मि.मी. येते. दट्ट्याच्या माथ्यावर ज्वलनासाठी खळगा असतो. त्याचा पृष्ठभाग मोजण्याचे कारण नाही. खळग्याच्या भिंतींवरील आडवी बले परस्परांस छेदतात आणि अक्षाच्या दिशेने केवळ वर्तुळाचे क्षेत्रफळ उरते.

खरा प्रश्न दाबाचा आहे. तो कोणता घ्यावयाचा, हे पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे क्वचितच विचारतात. ज्वलनाच्या वेळचा कमाल निरपेक्ष दाब ६५ बार मानू. दट्ट्याच्या खालच्या बाजूस क्रँककेसमध्ये सुमारे १ बार दाब असतोच. तो वजा जाता ६४ बार, म्हणजे चौ. मि.मी.स ६.४ न्यूटन उरतात व बल सुमारे ३२,१७० न्यूटन येते. हा भार सव्वातीन टनांहून थोडा अधिकच आहे.

मात्र हे बल क्षणभराचे असते. ३.७ किलोवॉट शक्ती सेकंदास १२.५ कार्य-स्ट्रोकांत विभागल्यास प्रत्येक स्ट्रोकचे उपयुक्त कार्य २९६ ज्यूल ठरते. त्यास ०.११ मीटरने भागता सरासरी परिणामी बल सुमारे २,६९० न्यूटन, आणि परिणामी दाब जेमतेम ५.३५ बार मिळतो. दाबमापक न लावता, केवळ इंजिनावरील पट्टीच्या आधारे हे उत्तर निघते, ही बाब विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावी.

दोन्ही बलांत सुमारे १२ पटींचे अंतर आहे. कनेक्टिंग रॉड सरासरी बलावर बेतल्यास तो वाकेल. कमाल बलावरून शक्ती काढल्यास ५ अश्वशक्तीचे इंजिन कागदावर ६० अश्वशक्तीचे होईल.

झिजलेला सिलिंडर ०.५ मि.मी.ने रीबोअर केल्यास व्यास ०.६ टक्क्याने वाढतो, परंतु क्षेत्रफळ सुमारे १.२५ टक्क्यांनी, दाब तोच राहिल्यास कमाल बलात सुमारे ४०० न्यूटनांची भर पडते.