विश्लेषण : विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते, मग दिवस कुठे काढायचा?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलामुलींची शाळा सुटली, की अनेक घरांत एकच प्रश्न उरतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत त्यांनी करायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे प्रौढांसाठीची दिवस केंद्रे. ती काय करतात, कायदा काय सांगतो आणि पालकांनी काय पाहावे, याविषयी...

दिवस केंद्र म्हणजे काय?

येथे मुक्काम नसतो. व्यक्ती सकाळी येते, संध्याकाळी घरी जाते. दिवसाचा क्रम ठरलेला असतो : व्यायाम, काम, एकत्र डबा खाणे, खेळ किंवा संगीत. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, दुकानात सुटे पैसे मोजणे, बसने प्रवास करणे, हेही शिकवले जाते. अनेक ठिकाणी जोडीला कार्यशाळा असते. तेथे पणत्या, राख्या, उटणे, कागदी पिशव्या तयार होतात. मुंबईतील ‘जय वकील’ (१९४४) आणि पुण्यातील ‘कामायनी’ (१९६४) या जुन्या संस्थांनी विशेष शाळेबरोबरच व्यवसाय प्रशिक्षणाचीही वाट धरली.

मोठ्यांचे पाळणाघरच ना?

नाही. शाळेत वर्षानुवर्षे मेहनतीने शिकलेल्या गोष्टी सराव थांबला की विसरल्या जाऊ शकतात. घरात बसून वजन वाढते, चिडचिड वाढते, मित्र तुटतात. दुसरी बाजू कुटुंबाची. पूर्ण वेळ सोबत लागत असल्याने घरातील एकाला, बहुतेकदा आईला, नोकरी सोडावी लागते. केंद्रामुळे दोघांचाही दिवस मोकळा होतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रौढांसाठी भाषा बदलते. कलम १९ मध्ये बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगांसाठी बाजाराशी जोडलेल्या कौशल्य प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. कलम २४ सामाजिक सुरक्षेच्या योजना आखण्यास सांगते. पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. म्हणजे शाळा हा हक्क, तर दिवस केंद्र ही योजना. खरी अडचण येथेच आहे. योजनेला निधी आणि चालवणारी संस्था मिळाली तर केंद्र उभे राहते, नाही तर नाही.

सरकारी योजना कोणत्या?

१९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी काम करतो. त्याची ‘विकास’ ही दिवस केंद्राची योजना दहा वर्षांवरील व्यक्तींसाठी आखलेली आहे. लहान मुलांसाठीच्या ‘दिशा’शी ती पुढे जोडण्यात आली. ‘निरामय’मध्ये एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, तर ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची योजना आहे. मात्र न्यास स्वतः केंद्रे चालवत नाही, नोंदणीकृत संस्थांमार्फत ती चालतात. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संख्या सुमारे १५ लाख होती.

इतरत्र काय व्यवस्था आहे?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६९ च्या लँटरमन कायद्याने विकासात्मक दिव्यांगांना सेवांचा हक्कच दिला आणि तो वयाबरोबर संपत नाही. राज्यातील २१ प्रादेशिक केंद्रे प्रत्येकाचा वैयक्तिक आराखडा तयार करतात. दिवस कार्यक्रमाचा खर्च त्यातूनच होतो.

आक्षेप कोणते?

बंदिस्त कार्यशाळांत वर्षानुवर्षे तेच काम, नाममात्र मोबदला आणि बाहेरच्या जगाशी शून्य संबंध, असे होऊ शकते. म्हणून दुकान, कॅफे, कार्यालयात मदतनीसासह खऱ्या नोकरीचा आग्रह वाढतो आहे. पण ज्यांना जेवणाखाण्यासाठीही मदत लागते, त्यांच्यासाठी केंद्राला पर्याय नाही. दोन्हींची गरज आहे.

पालकांनी काय पाहावे?

वैयक्तिक आराखडा लेखी आहे का? किती जणांमागे एक कर्मचारी? स्वच्छतागृहात मदत कोण करते? कोणी चिडले, मारू लागले तर काय करतात? फिट आली तर? वस्तू विकल्यावर पैसे कोणाला मिळतात? जाण्यायेण्याची सोय काय? प्रवेशापूर्वी चार-आठ दिवस पाठवून पाहावे आणि परत आल्यावरचा चेहरा वाचावा.

अठरा पूर्ण होताना आणखी काय करावे?

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड तयार ठेवावे. अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. केंद्राचा शोध मात्र सोळाव्या-सतराव्या वर्षीच सुरू करावा. ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही पालकांची सर्वांत मोठी चिंता असते. आईवडिलांशिवाय रोज काही तास नीट घालवण्याची सवय, ही त्या दिवसाची पहिली तयारी आहे.